शिरूरची वाट आणि देहांतील स्नायु

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची सुमारें ८०० लोकांची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. रात्रभर सुमारें २५ मैल चालून सकाळीं ती भीमेकांठीं कोरेगांवास पोंचली, आणि पेशव्यांच्या सैन्याशीं गांठ पडून अन्नपाण्यावांचून दिवसभर लढली. त्या अहोरात्रांत उभय पक्षांच्या प्रत्येक शिपायाच्या देहांत तीन जातींचे स्नायु राबत होते.

हातापायांचे स्नायु इच्छेचे चाकर होत. ते लांब तंतूंच्या जुड्यांचे बनलेले असून तंतूंवर आडवे पट्टे असतात. ते जोरकस खरे, पण थकतात. आंतडीं व रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतील स्नायूंच्या पेशी चातीसारख्या, दोहों टोकांस निमुळत्या व पट्ट्यांवांचून असतात. त्या सावकाश आखडतात. तिसरा हृदयाचा स्नायु. त्याला पट्टे आहेत, पण त्याचे तंतु फांद्या फुटून एकमेकांस जोडलेले असतात. दोन ठोक्यांमधील क्षणाच्या विसाव्यावर तो जन्मभर चालतो.

ही घडण त्या काळीं उलगडलेली नव्हती. पट्टेदार तंतूंचें सविस्तर वर्णन इंग्लंडांत बोमननें १८४० सालीं केलें. चातीसारख्या पेशी कॉलिकरनें त्याच दशकांत वेगळ्या करून दाखविल्या. तंतु आखडतो तेव्हां त्यांतील सूक्ष्म धागे एकमेकांवरून सरकतात, हा सिद्धान्त तर १९५४ सालीं पुढें आला.

शिरूरहून पाय निघाले ते हुकमानें. पण हुकूम देणारा व तो पाळणारा, या दोघांसहि जिवंत ठेवणारें हृदय मात्र कोणाच्याच हुकमांत नव्हतें.