वाऱ्याच्या वाटा : बिनइंजिनाच्या दूरच्या उड्डाणाचा इतिहास

उन्हाळ्यात दुपारी बाराच्या सुमारास शेतातून मान वर करून पाहिले, की आभाळात घार फिरताना दिसते. पंख ताणलेले, पण हलत नाहीत. गिरक्या घेत घेत ती वर जाते, ठिपक्याएवढी होते, आणि मग एका दिशेला सरळ सुटते. काही अंतर गेल्यावर पुन्हा गिरक्या, पुन्हा चढण आणि पुन्हा सरळ धाव. आपण हे लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण माणसाला ही युक्ती उमगून तिच्या जोरावर दूरचा पल्ला गाठायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली, आणि त्यासाठी कित्येकांनी जीव गमावले.

आज हिमाचल प्रदेशात कांगड्याजवळ, किंवा आपल्या मावळात कामशेतच्या टेकड्यांवर, कापडी पंखाला लटकून माणसे उडताना दिसतात. या साधनाला पॅराग्लायडर म्हणतात. त्याला इंजिन नाही की लाकडी सांगाडा नाही. दोऱ्या, कापड आणि बसायचे खोगीर, एवढेच. अशा साधनाने शंभर-शंभर किलोमीटर जायचे म्हणजे नुसते धाडस असेल, असे आपल्याला वाटते. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. माणसाला हवेची एकेक खोड कळत गेली, तसतसे अंतर वाढत गेले. ती खोड ओळखून दिवसाचा बेत जमिनीवरच आखावा लागला.

सुरुवात जर्मनीपासून करू. ओटो लिलिएनथाल हा अभियंता करकोच्यांचे उड्डाण बारकाईने पाहत असे. १८९१ पासून त्याने स्वतः बांधलेल्या पंखांनी टेकडीवरून झेपा घ्यायला सुरुवात केली. पुढे १८९४ मध्ये बर्लिनजवळ त्याने सरावासाठी मातीची टेकडीच उभारून घेतली. त्याची सर्वांत लांब झेप सुमारे २५० मीटरची. म्हणजे आपल्या गावच्या शाळेपासून चावडीपर्यंत म्हणा ना! ९ ऑगस्ट १८९६ रोजी उडताना वाऱ्याच्या झोतात सापडून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. पंख कसा असावा हे त्याने जगाला शिकवले. वारा कसा असतो, हे शिकणे अजून बाकी होते.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधने आली. उडण्याची हौस असलेल्या तरुणांनी मग बिनइंजिनाच्या विमानांकडे, म्हणजे ग्लायडरकडे मोर्चा वळवला. ऱ्होन नावाच्या डोंगराळ मुलखात वासरकुप्प हा सुमारे ९५० मीटर उंचीचा, बोडक्या माथ्याचा डोंगर आहे. तिथे १९२० साली पहिली स्पर्धा भरली. त्या वर्षीचे सर्वांत नावाजलेले उड्डाण किती वेळाचे होते, ठाऊक आहे? दोन मिनिटे बावीस सेकंदांचे! आणि दोनच वर्षांनी, १९२२ मध्ये, हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या ग्लायडरमध्ये मार्टेन्स तासाभराहून जास्त वेळ आणि हेन्ट्सेन तीन तासांहून जास्त वेळ हवेत राहिले.

हे कशामुळे झाले? डोंगराला आपटणारा वारा वर चढतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपल्याकडे हे पाहायचे असेल, तर पावसाळ्यात जुन्नरच्या नाणेघाटात जावे. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून असा उसळतो, की धबधब्याचे पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडते. जो वारा पाणी उचलतो, तो हलके विमानही तोलून धरतो. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला येरझारा घालीत राहायचे, म्हणजे उंची टिकते. पण त्याच डोंगराच्या पाठीमागे हवा खाली कोसळते आणि भोवरे घालते. गुराख्याला जो आडोसा सुखाचा, तोच उडणाऱ्याला घाताचा.

मात्र यात एक अडचण होती. डोंगर संपला की उड्डाण संपले. गोठ्याला बांधलेल्या जनावरासारखी ही स्थिती झाली. दाव्याच्या लांबीपलीकडे जाता येईना.

दावे तुटले ते अपघातानेच. १९२६ च्या ऑगस्टमध्ये माक्स केगेल नावाचा उड्डाणपटू वासरकुप्पवर उडत असताना गडगडाटी ढगाने त्याला वर ओढून घेतले. तो त्या वादळाबरोबर वाहत गेला आणि सुमारे ५५ किलोमीटरवर सुखरूप उतरला. लोकांनी त्याला वादळी माक्स असे टोपणनावच देऊन टाकले. तो वाचला हे त्याचे दैव. पण ढगाखाली हवा जोराने वर चढते, ही गोष्ट सर्वांच्या मनात ठसली.

पुढचे काम शास्त्रज्ञांनी केले. वाल्टर गेओर्गी हा हवामानशास्त्रज्ञ ऱ्होनच्या उड्डाणांचा मार्गदर्शक होता. १९२८ मध्ये एका हलक्या विमानाचे इंजिन हवेत बंद करून ते कापसासारख्या पांढऱ्या ढगांखाली नेण्यात आले, आणि तिथली हवा किती वेगाने वर उचलते हे मोजण्यात आले. म्हणजे वादळात शिरायची गरज नव्हती. साध्या उन्हाच्या दिवशी दिसणारे कापसाचे ढगही उचलून धरतात! याच सुमारास आणखी एक साधन हाती आले. बंद बाटलीतली हवा आणि बाहेरची हवा यांच्या दाबातला फरक दाखवणारे हे यंत्र. त्यावरून आपण चढतो आहोत की उतरतो आहोत, ते समजते. यालाच व्हेरिओमीटर म्हणतात. हवा डोळ्यांना दिसत नाही आणि शरीराला चढ-उताराचा नेमका अंदाज येत नाही. म्हणून या लहानशा यंत्राचे मोल फार मोठे.

ते यंत्र घेऊन रोबेर्ट क्रोनफेल्ड या ऑस्ट्रियन तरुणाने १५ मे १९२९ रोजी टॉयटोबुर्ग अरण्याच्या डोंगररांगेवरून १०२ किलोमीटरचे उड्डाण केले. ही रांग लांबलचक आहे खरी, पण मधेमधे खिंडी पडून तुटलेली. खिंडीवर डोंगराचा वारा मिळत नाही. तेव्हा अगोदर ढगाखाली उंची कमवायची, ती गाठीला बांधायची आणि मग खिंड ओलांडायची. दूरच्या उड्डाणाचा आराखडा म्हणतात तो हाच. मधला तोटा कुठे आहे हे आधीच ओळखून त्यापुरती शिल्लक राखायची. संसारी माणसाला हा हिशेब समजावून सांगायला नकोच!

पुढे १९३० साली अमेरिकेतल्या एलमायरा येथे वोल्फ हिर्ट याने निरभ्र आभाळातही चढती हवा शोधून, तिच्यात गिरक्या घेत उंची मिळवून दाखवली. म्हणजे घारीची विद्या पुरी हाती आली. तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचा झोत सुटतो, त्याला थर्मल म्हणतात. त्यात गिरक्या घेत वर जायचे, आणि तो संपला की पुढच्या झोताकडे सरळ सुटायचे. २९ जुलै १९३५ रोजी वासरकुप्पवरून निघालेले चार उड्डाणपटू ५०४ किलोमीटरवरच्या ब्रनो शहरी उतरले. दोन मिनिटे बावीस सेकंदांपासून इथवर यायला पंधरा वर्षे पुरली.

या इतिहासाला काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. १९३३ नंतर जर्मनीतल्या ग्लायडिंगच्या संस्था नाझी राजवटीच्या ताब्यात गेल्या आणि त्या खेळातून लढाऊ वैमानिक घडवले जाऊ लागले. ज्याने शंभर किलोमीटरची वेस पहिल्यांदा ओलांडली, त्या क्रोनफेल्डला ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडावी लागली.

कापडी पंखाचा जन्म बराच उशिराचा. फ्रान्समध्ये मिएसी नावाचे आल्प्समधले गाव आहे. विमानातून उड्या मारणाऱ्या तिथल्या काही हौशी छत्रीधारींना विमानाचा खर्च परवडेना. १९७८ च्या जूनमध्ये बेताँ, बोन आणि बोसाँ यांनी डोंगराच्या उतारावरच छत्री पसरून, धावत सुटून उड्डाण केले. बोन सुमारे हजार मीटर खाली, गावच्या फुटबॉलच्या मैदानावर उतरला. तिथून हा खेळ जगभर पसरला. पाठीवर मावणारे विमान गरिबाला आणि डोंगरवाल्याला सोयीचे! आणि ऱ्होनच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी जमवलेले सारे ज्ञान या नव्या पंखाला जसेच्या तसे लागू पडले.

आता एवढ्या ज्ञानावर आज उड्डाण कसे आखतात, ते बीर-बिलिंगच्या उदाहरणाने पाहू. हिमाचलातल्या धौलाधार रांगेवर बिलिंग हे सुमारे २,४०० मीटर उंचीवरचे कुरण आहे. खाली बीर गाव. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये इथे पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली होती. समजा, इथून धरमशाळेकडे जाऊन परत यायचे आहे. सरळ रेषेत एका बाजूचे अंतर चाळीसेक किलोमीटर. चांगला पॅराग्लायडर शांत हवेत हजार मीटर उंची खर्चून आठ-दहा किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन आठ-दहा वेळा तरी हजार-हजार मीटर उंची कमवावी लागणार. ती कुठे कमवायची, हे अगोदर नकाशावर पाहावे लागते.

सकाळी ऊन पूर्वेकडच्या उतारांवर पडते, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. ज्या उताराला ऊन लागून तास-दोन तास झाले, तिथून झोत सुटण्याचा संभव जास्त. म्हणून फार लवकर सुटलेला माणूस खाली बीरमध्ये जाऊन बसतो आणि फार उशिरा निघालेल्याला परतीला ऊन पुरत नाही. वाऱ्याचेही तसेच. या पंखाचा नेहमीचा वेग ताशी ३५-४० किलोमीटर. समोरून तीसचा वारा आला, तर पुढे सरकणे ते किती? दुपारी खोऱ्यांतून वारा चढू लागतो, त्याचा हिशेब सकाळीच करावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उतरायची जागा. धौलाधारच्या पुढच्या रांगेवर राहिले, तर दक्षिणेला सखल मुलूख आणि मोकळी शेते आहेत. आतल्या बाजूला बर्फाची शिखरे, अरुंद खोरी आणि दाट रान. तिथे उंची सरली तर उतरायला ओंजळभर सपाटी मिळत नाही. आत भरकटलेले काही जण परत आलेले नाहीत. म्हणून जाणता माणूस प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारतो, की आत्ता झोत मिळाला नाही, तर मी कुठे उतरेन? उत्तर नसेल, तर तो टप्पा घ्यायचा नाही.

तिसरी अट ढगाची. कापसाचा ढग दुपारी फुगत फुगत उंच होऊ लागला, बूड काळे पडू लागले, की तो उचलणारा मित्र राहत नाही. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात मनिला येथे स्पर्धेच्या सरावात एवा विश्नियेर्स्का या उड्डाणपटू बाईंना अशाच ढगाने ९,९४६ मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, ओढून नेले. त्या बेशुद्ध पडल्या, अंगावर बर्फ साचले, पण दैवयोगाने वाचल्या. त्याच वादळात सापडलेले चीनचे हे चुंगपिन मात्र दगावले. केगेलच्या उड्डाणाला तेव्हा ऐंशी वर्षे होऊन गेली होती. एव्हाना उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रे होती, हवामानाचे अंदाज होते. ढगाचा स्वभाव मात्र तोच राहिला. यंत्र धोका दाखवते. माघार घ्यायचे काम माणसालाच करावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गात शिकवायला विमान लागत नाही. मुलांना एक वही घालायला सांगा. घार कितीच्या सुमाराला गिरक्या घेऊ लागते, वावटळ नांगरलेल्या रानातून उठते की हिरव्या पिकातून, टेकडीच्या कोणत्या बाजूला धूर वर जातो आणि कोणत्या बाजूला खाली दबतो, ढगाचे बूड कधी काळवंडते, हे रोज दोन ओळींत लिहावे. महिन्याभरात त्यांना आपल्या शिवारातल्या वाऱ्याच्या वाटा ओळखू येऊ लागतील. भूगोलाच्या पुस्तकातला धडाही मग त्यांना आपल्या गावचा वाटेल.

आणि डोंगराजवळच्या गावकऱ्यांना एवढेच सांगायचे, की कोणी पंख घेऊन आपल्या माळावर आला, तर त्याला विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत, कोणते रान पडीक आहे आणि कशात पीक उभे आहे, हे आवर्जून दाखवा. दुपारी वारा कुठून फिरतो हेही सांगा. नकाशात ते नसते. पिढ्यानपिढ्या त्या जमिनीवर राहणाऱ्यालाच ते ठाऊक असते. आणि आपल्या घरचे पोर त्याच्याबरोबर उडायला निघाले, तर दर किती हे विचारण्याच्या आधी विचारा, "आज उतरायची जागा कोणती ठरवलीत? आणि ढग वाढला तर किती वाजता परतणार?" ज्याच्यापाशी या दोन प्रश्नांची तयार उत्तरे नाहीत, त्याच्याबरोबर त्या दिवशी पोराला पाठवू नका.