तळटीप : राक्षसाचे मारेकरी
१. राक्षसाची माणसे : नंदांचा अमात्य राक्षस याने चंद्रगुप्तावर घातलेली ही मारेकऱ्यांची टोळी विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातली, म्हणजे कविकल्पित आहे, मौर्य इतिहासाचा पुरावा म्हणून तिचा दाखला देऊ नये. दुसऱ्या अंकात राक्षसाचा हेर विराधगुप्त फसलेले बेत सांगतो. तोरण पाडणारा सुतार दारुवर्मा, सोन्याच्या दांडीत सुरी लपवलेला माहूत बर्बरक, विषारी औषध देणारा वैद्य अभयदत्त, सगळे प्राणास मुकतात. पण खरा थरार बीभत्सकाच्या बेतात आहे. साथीदारांसह तो शयनगृहाच्या भिंतीतील भुयारात दबा धरून बसतो. भिंतीच्या फटीतून भाताची शिते घेऊन बाहेर पडणाऱ्या मुंग्या चाणक्याला दिसतात. आत माणसे आहेत हे तो तत्काळ ताडतो आणि शयनगृह पेटवून देतो. इतका नेमका, डोळ्यांसमोर उभा राहणारा तपशील जुन्या नाट्यवाङ्मयात क्वचितच आढळतो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त हेरांमध्ये ‘तीक्ष्ण’ (जिवावर उदार मारेकरी) आणि ‘रसद’ (विषप्रयोग करणारा) असे प्रकार सांगितले आहेत. बीभत्सक आणि अभयदत्त त्याच साच्यातले वाटतात. मूळ संहितेसाठी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची १८८४ची मुंबई आवृत्ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी.