खडकीतले मुंबई बंदर

एप्रिल १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून ६२९ सैनिकांचे अवशेष घाट चढून पुण्याजवळच्या खडकीत आणले गेले. हे सैनिक पहिल्या महायुद्धाच्या काळात मृत्यू पावलेले होते. मूळ जागी कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नसेल, तर ते अवशेष खडकीच्या युद्धस्मशानभूमीत हलवावेत, असे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे धोरण होते. त्या सैनिकांची नावे आता तेथील १९१४-१८ च्या स्मारकावर वाचावयास मिळतात. एका बंदराच्या युद्धस्मृतीचा काही भाग समुद्रापासून इतक्या दूर येऊन राहिला, ही घटना आम्हाला विचारात पाडते.

युद्धाने उद्ध्वस्त झालेले बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रॉटरडॅम, हॅम्बुर्ग किंवा नागासाकी येते. मुंबई येत नाही. १९१४ मध्ये 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या; दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी कलकत्त्यावर बॉम्ब टाकले. मुंबईवर मात्र शत्रूचा हल्ला झाला नाही. तरीही युद्ध या शहराच्या वास्तूंतून वावरून गेले आहे. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी इमारत बांधून झाली ती नेमकी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर. मूर्ती आणि चित्रे यांच्याआधी तिथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लेडी हार्डिंग युद्धरुग्णालय म्हणून ती वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होण्यास १९२२ साल उजाडले. त्या दालनांतून हिंडताना आपण प्राचीन भारत पाहतो, पण भिंतींनी आधी पाहिलेले युद्ध आपल्याला दिसत नाही.

मुंबईची खरी जखम १४ एप्रिल १९४४ ची. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. युद्धकाळात जहाजांची टंचाई होती, म्हणून एरवी कोणी शेजारी ठेवणार नाही असा माल एकत्र आला. दुपारी कापसाला आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्याहून मोठा दुसरा. शेजारची जहाजे बुडाली, 'जलपद्म' हे जहाज गोदीच्या शेडवर फेकले गेले, धान्याची गोदामे आणि लगतची वस्ती जळाली. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्यांतील काही पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या. युद्धकालीन सेन्सॉरमुळे ही बातमी सविस्तर छापण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. ज्या घटनेचा आवाज साऱ्या शहराने ऐकला, ती छापील शब्दांत येण्यास महिना लागला.

या दिवसाचे स्मरण कोणी आणि कसे केले, हे पाहण्यासारखे आहे. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. महायुद्धांत समुद्रात बुडालेल्या खलाशांसाठी बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. तिथे पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक आणि दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक नावे नोंदली आहेत. खडकीत बॉम्बे सॅपर्सचे संग्रहालय आहे. १९४१ मध्ये आफ्रिकेतील मोहिमेत सलग चार दिवस सुरुंग काढत राहिलेले प्रेमिंद्रसिंग भगत यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच दलाचे. सैनिकाला त्याची पलटण आठवते, जवानाला त्याचे दल, खलाशाला त्याचे 'होम'.

गोदीतल्या हमालाला कोण आठवणार? त्या काळी गोदी कामगार बहुतांशी रोजंदारीवर, टोळीवाल्याच्या मार्फत कामाला लागत. अनेकांची नोंद टोळीवाल्याच्या हिशेबापलीकडे जात नसे. कामगारांची रीतसर नोंदणी व्हावी यासाठी कायदा झाला तो १९४८ मध्ये, म्हणजे स्फोटानंतर चार वर्षांनी. म्हणूनच अग्निशमन दलाच्या मृतांचा आकडा नेमका आहे आणि एकूण मृतांचा आकडा मात्र अंदाजाने, सातशेपासून तेराशेपर्यंत, सांगितला जातो. जिथे आकडाच अंदाजाचा, तिथे नावांची यादी पुरी कशी असणार?

येथे आमच्या आपल्या परंपरेची आठवण होते. मुंबईतच, बोरिवलीजवळ एकसर येथे, मध्ययुगीन वीरगळ आहेत. त्यांवर जहाजांची रांग, वल्ही मारणारे वीर आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्या संघर्षाशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांप्रमाणे तिथेही मेलेल्याचे नाव वाचता येत नाही. वीर कसा लढला, कसा पडला, अप्सरांनी त्याला कसे वर नेले, हे दगड सांगतो. तो कोण होता, हे गावाने लक्षात ठेवायचे असते. खडकीचा दगड याच्या अगदी उलट. तिथे नाव, हुद्दा, पलटण, तारीख आहे, पण प्रसंग नाही. खाली कुटुंबाला एखादी ओळ कोरता येई आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमाने तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती. शोकालाही मात्रा मोजून दिलेल्या! साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मृत्युलेख हा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यासायचा असेल, तर ही दोन टोके त्यांच्या जवळच आहेत. आमच्या परंपरेने प्रसंग दिला आणि नाव गावावर सोपवले. साम्राज्याने नाव दिले, पण ते हजेरीपटावर असेल तरच. गोदीतल्या माणसाच्या वाट्याला दोन्ही आले नाही. उरला तो अंदाजाचा आकडा.

आणि हजेरीपटावर असणेही पुरेसे नव्हते. मृत्यूनंतर सर्वांना समान वागणूक, हे या आयोगाचे १९१७ पासूनचे तत्त्व. परंतु आयोगाच्याच समितीने २०२१ मध्ये कबूल केले की पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही. खडकीत दुसऱ्या महायुद्धातील १६६८ कबरी आहेत आणि भारतात युद्धक्षेत्राबाहेर मृत्यू पावलेल्या १९३ पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचे स्मारकही आहे. या अहवालानंतर त्या १९३ जणांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. ते इथवर पोहोचले, पण वाटेत किती जण गळले असतील?

हे सारे खडकीतच का यावे, याचे उत्तर इतिहासात आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंडीच्या परिसरात पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. दुसरे बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होते. संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्याने जाळली आणि एल्फिन्स्टनची पुस्तके व कागदपत्रे तिच्याबरोबर गेली. त्या विजयातून इथे छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. बंदर आणि छावणी ही एकाच मार्गाची दोन टोके होती. बंदरातून सैनिक उतरत, छावणीत राहत, बंदरातूनच लढाईवर जात. मृतांनी अखेरीस तीच वाट धरली, यात नवल नाही. ज्याला छावणी नव्हती त्याची वाट मात्र गोदीच्या फाटकाशीच संपली.

आम्हाला वाटते, हे काम आता मराठीच्या वर्गांनी अंगावर घ्यावे. १९४४ मध्ये जी मुले होती, ती आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. गिरगाव, मांडवी, शिवडी येथून पांगलेल्या कुटुंबांत 'त्या दिवशी परत न आलेला' एखादा काका, मामा, आजोबा अजून बोलण्यात येत असेल. त्याचे नाव, गाव, काम आणि तो दिवस विद्यार्थ्यांनी विचारून लिहून घ्यावा. त्यापूर्वी एकदा त्यांना खडकीला न्यावे आणि शिवडीहून आलेली ती नावे सावकाश वाचायला सांगावे. नाव कोरलेले असणे म्हणजे काय, हे तिथे समजते. मग ते नसणे म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागणार नाही.