मैदान न सोडता पदव्युत्तर शिक्षण

क्रीडाप्रशिक्षकाच्या उच्च शिक्षणाची अडचण इतर व्यवसायांतील माणसांच्या अडचणीहून निराळी आहे. बँकेतील अधिकारी वर्षभराची रजा घेऊन शिकायला गेला, तर त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि काम पुढे चालू राहते. प्रशिक्षकाच्या बाबतीत तसे घडत नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाताशी आलेली धावपटू किंवा तालमीतला होतकरू मल्ल यांची ऐन घडणीची वर्षे मोजकीच असतात. ऑलिंपिकचे चक्र चार वर्षांचे. त्यातले एक वर्ष गुरूच गावाबाहेर राहिला, तर शिष्याचे जे नुकसान होते ते गुरूच्या पदवीने भरून निघत नाही. त्यामुळे अनेक चांगले प्रशिक्षक वीस-वीस वर्षे मैदानावर राबतात, पण औपचारिक शिक्षणाच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच राहतात. उच्च दर्जाच्या स्पर्धात्मक खेळातील प्रशिक्षकांसाठी आणि क्रीडा व्यवस्थापनाची धुरा सांभाळणाऱ्यांसाठी जगात ठिकठिकाणी सुरू झालेले अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम हे या अडचणीला दिलेले उत्तर आहे. ते कसे चालतात आणि आपल्याकडच्या प्रशिक्षकाला त्यांचा कितपत उपयोग आहे, याची ही माहिती.

आपल्याकडील प्रशिक्षक-शिक्षणाचा केंद्रबिंदू म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. ७ मे १९६१ रोजी पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात तिची स्थापना झाली. १९७३ मध्ये तिला नेताजी सुभाष यांचे नाव देण्यात आले आणि १९८७ पासून ती भारतीय क्रीडा प्राधिकरणाचा भाग आहे. हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांनी तेथे प्रमुख हॉकी प्रशिक्षक म्हणून काम केले. ‘एनआयएस केलेला’ हे विशेषण महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत आजही मानाने उच्चारले जाते. तेथील क्रीडाप्रशिक्षण पदविका मात्र निवासी आणि सुमारे वर्षभराची आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. अनेक क्रीडाशिक्षक उन्हाळी सुट्टीचा उपयोग करून तो पूर्ण करतात. तो उपयुक्त आहे, पण त्याचे स्वरूप तोंडओळखीचे. वर्षभराची निवासी पदविका आणि सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र यांच्या मधली जागा, म्हणजे अनुभवी प्रशिक्षकाने काम करता करता दोन-तीन वर्षे सखोल अभ्यास करावा अशी सोय, आपल्याकडे बराच काळ रिकामी राहिली आहे.

अर्धवेळ म्हणजे किती वेळ?

‘अर्धवेळ’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. ब्रिटनमधील पद्धत हिशेबाला सोपी असल्याने तिचेच उदाहरण घेऊ. तेथील पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते आणि एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे एकूण अठराशे तास. तीन वर्षांत पदवी घ्यायची तर वर्षाला सहाशे आणि आठवड्याला सुमारे बारा तास. पहाटे आणि सायंकाळी सराव घेणाऱ्या, मधल्या वेळेत नोकरी करणाऱ्या आणि शनिवार-रविवार स्पर्धांना जाणाऱ्या माणसाने हे बारा तास आणायचे कोठून? म्हणूनच तेथे टप्पे केलेले आहेत. साठ श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र, एकशेवीसवर पदविका आणि प्रबंध किंवा प्रकल्प पूर्ण केल्यावर पदवी. मध्येच थांबावे लागले तरी हाती काहीतरी राहते. माझ्या मते नोकरीतील प्रशिक्षकाने प्रथम प्रमाणपत्रापुरताच संकल्प करावा. पुढचे पुढे पाहता येते.

परंतु तासांचा हा हिशेब पूर्ण खरा नाही, आणि या शिक्षणाचे मर्म नेमके येथेच आहे. चांगल्या अभ्यासक्रमात त्या बारा तासांपैकी बराचसा भाग प्रशिक्षक एरवीही करत असलेल्या कामातूनच निघतो. वार्षिक सराव-नियोजन हा विषय असेल, तर गृहपाठ म्हणून काल्पनिक संघाचा आराखडा द्यायचा नसतो. स्वतःच्याच खेळाडूंचा चालू हंगामाचा आराखडा मांडून त्यातील प्रत्येक निर्णयाचे समर्थन करायचे असते. सराव कोणत्या आठवड्यात वाढवला, कोणत्या आठवड्यात कमी केला आणि का? दुखापत झाली तेव्हा आधीच्या तीन आठवड्यांची नोंद काय सांगत होती? संवादकौशल्य हा विषय असेल, तर स्वतःच्या सरावसत्राचे चित्रीकरण करून ते सहाध्यायांपुढे ठेवावे लागते. आपण खेळाडूला किती बोलू देतो, हे पडद्यावर पाहण्याचा प्रसंग बहुतेकांना अस्वस्थ करणारा असतो.

या पद्धतीमागे एक विचार आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले, की कुशल व्यावसायिक हा पुस्तकी सिद्धांत कामावर लागू करणारा यंत्रवत माणूस नसतो. तो काम करता करता त्याच कामाविषयी विचार करत असतो आणि त्यातून त्याचे ज्ञान घडते. पुढे २००१ मध्ये वेड गिल्बर्ट आणि पिअर ट्रुडेल या संशोधकांनी युवा संघांच्या प्रशिक्षकांचा अभ्यास करून हा विचार खेळाला लावून दाखवला. नुसत्या अनुभवाने प्रशिक्षक शहाणा होत नाही. अनुभवातील अडचण ओळखणे, तिच्यावर उपाय शोधणे, तो करून पाहणे आणि परिणाम तपासणे या फेऱ्यातून तो शिकतो. आपल्याकडे ‘वीस वर्षांचा अनुभव’ असे अभिमानाने सांगितले जाते. त्यात एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा गिरवलेला असू शकतो, ही शंका मात्र क्वचितच घेतली जाते.

याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्लिफ मॅलेट यांचे आहे. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात क्रीडाप्रशिक्षण शिकवणारे मॅलेट हे ऑस्ट्रेलियाच्या पुरुष रिले संघांचेही प्रशिक्षक होते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाने चार बाय चारशे मीटर रिलेत रौप्यपदक मिळवले. त्या तयारीत त्यांनी खेळाडूंना निर्णयांत वाटा देणे, प्रत्येक सूचनेमागचे कारण सांगणे अशी पद्धत प्रेरणेच्या एका मान्य मानसशास्त्रीय सिद्धांताच्या आधारे अवलंबली आणि २००५ मध्ये त्याचा तपशीलवार वृत्तांत संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध केला. मैदानावरील काम आणि विद्यापीठातील अभ्यास या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, हे दाखवून देणारा तो लेख आहे.

वर्गात बसलेला मुख्य प्रशिक्षक

काम आणि शिक्षण एकाच वेळी चालवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जर्मनीतील आहे. तेथील ‘फुसबॉल-लेहरर’ ही विद्यापीठाची पदवी नव्हे, पण जर्मन व्यावसायिक फुटबॉलमधील प्रशिक्षकाचा तो सर्वोच्च परवाना होता आणि त्याची परीक्षा कडक होती. २०१५-१६ च्या तुकडीत युलियन नागेल्समान शिकत होते. गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळणे अकालीच सुटलेले. नंतर क्रीडाशास्त्राचा अभ्यास. हॉफेनहाइम संघाची सूत्रे ते उन्हाळ्यात घेणार होते. परंतु आधीचे प्रशिक्षक हुब स्टीव्हन्स यांनी प्रकृतीच्या कारणाने पद सोडले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, नागेल्समान बुंडेसलिगातील संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. संघ तळाजवळ होता, पदावनतीची तलवार डोक्यावर होती आणि परवान्याची अंतिम परीक्षा तोंडावर आली होती. मार्चमध्ये ते परीक्षा उत्तीर्ण झाले. हंगामाअखेर संघही वाचला. २०२३ मध्ये ते जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. सर्वांनाच हे साधेल असे नाही. पण शिकणारा प्रशिक्षक कामात कमी पडतो, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

उत्तम खेळाडू आपोआप उत्तम प्रशिक्षक होतो, हा समजही असाच. महाराष्ट्रातील दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर या दोघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाज म्हणून उतरल्या होत्या. पुढे प्रशिक्षक म्हणून शिरूर यांना २०२२ चा आणि देशपांडे यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे हा देशपांडे यांचा शिष्य. स्वतः नेम धरणे आणि दुसऱ्याचा नेम घडवणे यांत जे अंतर आहे, ते कापायला वर्षे लागतात.

विद्यापीठीय अभ्यासक्रमांपैकी दोन नावे येथे नोंदवण्याजोगी आहेत. कॅनडात व्हँकुव्हर येथील युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाने ‘हाय परफॉर्मन्स कोचिंग अँड टेक्निकल लीडरशिप’ या नावाने मुख्यतः ऑनलाइन, अर्धवेळ शिक्षण उभे केले. त्यात आधी पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि पुढे पदवी असा क्रम आहे. प्रशिक्षकाबरोबर ‘तांत्रिक नेतृत्व’ हा शब्द तेथे यावा, हे कॅनडाच्या क्रीडा इतिहासाशी सुसंगत आहे. १९७६ चे माँट्रियल आणि १९८८ चे कॅलगरी अशा दोन ऑलिंपिकचे यजमानपद भूषवूनही त्या देशाला घरच्या मैदानावर एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. २००५ मध्ये ‘ओन द पोडियम’ ही योजना सुरू झाली आणि २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाने १४ सुवर्णपदके जिंकली. दुसरे नाव स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाचे. त्याने परफॉर्मन्स कोचिंग या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नोकरीतील प्रशिक्षकांसाठी दूरस्थ पद्धतीने चालवला आहे. अशा वर्गांत नौकानयनाचा प्रशिक्षक आणि ज्युदोचा प्रशिक्षक शेजारी बसतात. आपल्या खेळातील प्रतिस्पर्ध्यापुढे जे बोलता येत नाही, ते दुसऱ्या खेळातील माणसापुढे मोकळेपणाने बोलता येते.

संचालकपदांचा प्रश्न

नेतृत्वाचा भाग आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला केवळ एक सुवर्णपदक मिळाले आणि तो देश पदकतालिकेत ३६ वा राहिला. त्यानंतर लॉटरीचा पैसा खेळाकडे वळला, त्याबरोबर प्रत्येक खेळाला कामगिरी संचालक मिळाले आणि २०१६ च्या रिओमध्ये ब्रिटनने २७ सुवर्णपदकांसह दुसरे स्थान मिळवले. प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि आर्थिक नियोजन या सर्वांची सांगड घालणारा हा संचालक असतो. भारतातही ही पदे निर्माण झाली. पण त्यांवर कोण आले? २०१७ मध्ये मुष्टियुद्धात स्वीडनचे सँटियागो निएवा, २०१९ मध्ये अॅथलेटिक्समध्ये जर्मनीचे फोल्कर हेरमान, २०२२ मध्ये पुन्हा मुष्टियुद्धात आयर्लंडचे बर्नार्ड डन. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका नाही. परंतु हेरमान २०२१ मध्ये आणि डन २०२४ मध्ये पायउतार झाले, आणि असा माणूस गेला की त्याची कामाची पद्धतही बहुधा त्याच्याबरोबर जाते. देशी प्रशिक्षकांना या पदांसाठी तयार करण्याची व्यवस्था नसेल, तर दर वेळी पुन्हा बाहेरच पाहावे लागणार.

क्रीडा संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसाठी ‘मेमोस’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम १९९५ पासून चालत आला आहे. ऑलिंपिक सॉलिडॅरिटीचा त्याला पाठिंबा असून इंग्रजीखेरीज फ्रेंच व स्पॅनिश भाषांतही तो घेतला गेला आहे. वेगवेगळ्या शहरांतील थोड्या दिवसांची सत्रे आणि मधल्या काळात स्वतःच्याच संघटनेतील एखाद्या प्रश्नावरचा प्रकल्प, असे त्याचे स्वरूप. ऑलिंपिक सॉलिडॅरिटीच्या शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय ऑलिंपिक समितीची, म्हणजे आपल्याकडे भारतीय ऑलिंपिक संघटनेची, शिफारस लागते.

अर्ज करण्यापूर्वी

आता काही रोखठोक बाबी. परदेशी ऑनलाइन पदवीने ज्ञान मिळते. सरकारी नोकरी मिळेलच असे नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या प्रशिक्षक भरतीत पतियाळाच्या किंवा तत्सम पदविकेला, अथवा ऑलिंपिक व जागतिक स्तरावरील सहभागाला, महत्त्व दिले जात आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या नियमावलीनुसार परदेशी पदवीला समकक्षता हवी असेल, तर शिक्षण नियमित, प्रत्यक्ष उपस्थितीने झालेले असावे लागते. तेव्हा ज्याची पदोन्नती किंवा नियुक्ती पदवीवर अवलंबून आहे, त्याने पैसे भरण्यापूर्वी आपल्या नियोक्त्याकडून लेखी खुलासा घ्यावा. खासगी अकादमी, व्यावसायिक लीग किंवा स्वतःचे केंद्र चालवणाऱ्याला ही अडचण कमी जाणवेल. शुल्क परकीय चलनात असल्याने ते जड वाटणे स्वाभाविक आहे. मात्र घरी राहून शिकल्यास व्हिसा आणि तेथील राहण्याचा खर्च वाचतो.

घड्याळाचाही विचार करावा. व्हँकुव्हरमधील संध्याकाळी सहाचा वर्ग तेथील उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे सकाळी साडेसहाला भरतो, म्हणजे ऐन सरावाच्या वेळी. ब्रिटनमधील तोच वर्ग उन्हाळी वेळेनुसार रात्री साडेदहाला येतो, तर ब्रिस्बेनचा दुपारी दीडला. शक्य असेल तेथे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांची सोय आहे का, हे आधी विचारावे. सप्टेंबरमध्ये सुरू होणारे सत्र आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या धामधुमीत सापडते; जानेवारीत प्रवेशाची सोय असल्यास ती अनेकांना सोयीची ठरेल.

प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे पदवी, इंग्रजीची परीक्षा, प्रशिक्षक म्हणून केलेल्या कामाचा तपशील आणि शिफारसपत्रे मागितली जातात. यांपैकी तिसऱ्या गोष्टीत आपले प्रशिक्षक मागे पडतात, कारण पदके भिंतीवर असतात पण नोंदी कोठेच नसतात. कोणत्या खेळाडूने कोणत्या दिवशी किती सराव केला, तो कसा झोपला, कोठे दुखले, वेळ किती लागला, हे साध्या वहीत मराठीत लिहिलेले असले तरी चालते. पहिल्या प्रकल्पाच्या वेळी त्याचे भाषांतर करता येईल. मात्र ती वही अर्जाच्या निदान एक हंगाम आधी सुरू झालेली असली पाहिजे.