राखेखालचे मैदान

गाव म्हणजे नेमके काय? घरे, वाटा, बाजार, की माणसे? बसल्या जागी हा प्रश्न कितीही घोळवता येतो. आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या हेमाए बेटावर मात्र तो एका रात्रीत दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग तिथल्या क्रीडा क्लबाच्या इतिहासात सापडतो.

वेस्टमन बेटांच्या समूहात कायमची वस्ती आहे ती एकट्या हेमाएवर. आज तिथे साडेचार हजारांच्या आसपास माणसे राहतात. मुख्य धंदा मासेमारीचा. इतक्या लहान जागी खेळायला प्रतिस्पर्धी आणायचा कुठून? बेटकऱ्यांनी तो घरातच तयार केला. १९१३ साली 'थोर' हा क्लब निघाला आणि १९२१ साली 'टीर'. दोन्ही नावे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या नॉर्स देवांची. दोघांत चुरस भरपूर. पण गाठ मुख्य भूमीवरच्या संघाशी पडली की दोघांचे खेळाडू एकाच नावाने उतरत. ते नाव आय.बी.व्ही., म्हणजे वेस्टमन बेटांचा क्रीडासंघ. वाड्यावाड्यांत कितीही वैर असले तरी गावाबाहेर गावाचेच नाव सांगायचे, ही रीत आपल्याला समजावून सांगायला नको. या संघाने १९६८ आणि १९७२ साली फुटबॉलचा राष्ट्रीय चषक जिंकला.

आणि मग २३ जानेवारी १९७३ ची रात्र आली. पहाटे दोनच्या सुमारास गावाच्या कडेलाच जमीन लांबच लांब फाटली आणि आगीची भिंत उभी राहिली. बेटावर तेव्हा सुमारे ५,३०० माणसे होती. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या होड्या बंदरातच अडकून पडल्या होत्या. त्या वादळानेच गाव वाचवले म्हणायचे, कारण त्याच होड्यांतून जवळजवळ सगळी वस्ती काही तासांत मुख्य भूमीवर पोहोचली. उद्रेक जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालला. सुमारे चारशे घरे लाव्हा आणि राखेने गिळली. लाव्हा बंदराचे तोंड बुजवणार असे दिसताच लोकांनी पंपांनी समुद्राचे पाणी मारून तो थंड केला, थिजवला. बंदर वाचले, म्हणून परतण्याला काही अर्थ उरला.

आता या काळात क्लबाचे काय झाले? खेळाडूंची कुटुंबे मुख्य भूमीवर मिळेल तिथे विखुरली होती, मैदान राखेत होते. अशा वेळी संघ मोडला असता तर कोणी बोल लावला नसता. पण त्या उन्हाळ्यात आय.बी.व्ही.चा संघ लीगमध्ये खेळला, परक्या मैदानांवर. आदल्या वर्षीच्या चषकामुळे युरोपच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेतही तो उतरला. समोर जर्मनीचा बलाढ्य बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख. दोन सामन्यांत मिळून १६-१ असा दणदणीत पराभव झाला. तरी त्या पराभवाकडे हसण्यावारी बघवत नाही. पायाखाली गाव नसताना गावाचे नाव स्पर्धेच्या यादीत लागले होते, तेवढे पुरे होते.

पुढे बरेचसे लोक परतले, राख उपसली, घरे पुन्हा उभी राहिली. आणि १९७९ साली, उद्रेकानंतर अवघ्या सहा वर्षांनी, आय.बी.व्ही. पहिल्यांदा आइसलंडचा फुटबॉल विजेता झाला.

या क्लबाची गोष्ट एका जत्रेशिवाय अपुरी राहते. १८७४ साली आइसलंडने वस्तीची हजार वर्षे साजरी केली. खराब हवामानामुळे बेटकऱ्यांना मुख्य भूमीवर जाता आले नाही, म्हणून त्यांनी आपल्याच बेटावर उत्सव मांडला. तोच आज दर ऑगस्टच्या सुरुवातीला भरतो. दरीत पांढरे तंबू, डोंगरावर होळीसारखी पेटवलेली आग, उतारावर बसून हजारोंनी एका सुरात म्हटलेली गाणी. पूर्वी थोर आणि टीर आळीपाळीने त्याचे यजमानपद करत. आता ते आय.बी.व्ही.कडे आहे, आणि क्लबाच्या तिजोरीला मोठा आधार या जत्रेचाच. देवस्थानाचा उत्सव जसा वर्षभराचा खर्च भागवतो, तसाच काहीसा हा प्रकार. उद्रेकानंतर नेहमीची दरी राखेने भरली होती, तेव्हा जत्रा बेटावरच दुसऱ्या जागी भरली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात थोर आणि टीर औपचारिकपणे एक झाले. १९९७ आणि १९९८ साली फुटबॉलचे विजेतेपद पुन्हा बेटावर आले. हँडबॉलमध्ये महिलांनी २०००, २००३, २००४ आणि २००६ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, पुरुषांनी २०१४, २०१८ आणि २०२३ साली. २०१७ साली तर फुटबॉलचे पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही चषक एकाच क्लबाने नेले. याच बेटावरचे दंतवैद्य हेमिर हाल्ग्रिमसन आधी क्लबाच्या महिला आणि पुरुष संघांचे प्रशिक्षक होते. पुढे आइसलंडच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी २०१८ च्या विश्वचषकात नेले. तोवर तिथे पोहोचलेला तो सर्वांत कमी लोकसंख्येचा देश होता.

हे सगळे जुन्या धैर्याची कहाणी म्हणून बाजूला ठेवता आले असते, पण काळाने ते ठेवू दिले नाही. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आइसलंडच्याच ग्रिंदाविक या मासेमारी गावातल्या सुमारे ३,८०० लोकांना घरे सोडावी लागली, कारण गावाखालीच शिलारस सरकत होता. तिथल्या बास्केटबॉल संघाने कोपावोगुर शहरातल्या क्लबाच्या सभागृहाला घर मानून हंगाम पुरा केला आणि २०२४ च्या वसंतात पुरुषांचा संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला. तिथे तो वालुरकडून हरला. हेमाएच्या लोकांना परतायला बेट होते. ग्रिंदाविकची बहुतेक घरे मात्र सरकारने पुढे विकत घेतली. विखुरलेली माणसे एकमेकांना भेटायची जागा म्हणून त्या हंगामात उरला तो सामनाच.

क्लब घरे बांधून देत नाही, बुजलेले बंदर मोकळे करत नाही. पण सगळे पांगल्यावर ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रंगाचा सदरा घालून एकत्र यायला तो एक निमित्त देतो. परतायचे की नाही हे ठरेपर्यंत गाव मोडू नये, एवढे काम त्या निमित्ताने हेमाएत केले. ग्रिंदाविकमध्ये ते किती काळ करता येईल, हे त्या सदऱ्यांपेक्षा जमिनीखालच्या शिलारसावर अधिक अवलंबून आहे.