घोरणं: चेष्टेपासून निदानापर्यंत
(व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. येऊ द्या. घोरण्याला आपण शतकानुशतकं हसतच आलो आहोत. आपल्याकडे कुंभकर्ण, आणि इंग्रजी साहित्यात डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला जो नावाचा लठ्ठ पोरगा. १८३६-३७ सालची ही कादंबरी. हा जो कुठंही, कधीही झोपतो आणि घोरतो. वाचकाला मजा वाटते. तो आजारी असेल, असं कुणाच्या मनात येत नाही.

आधी घोरणं म्हणजे काय ते बघू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेची मागची बाजू यांच्यामधली वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जोरात जाते आणि मऊ भाग थरथरतात. तोच हा आवाज. मानेभोवतीची चरबी, चोंदलेलं नाक, मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल्स, लहान किंवा मागे गेलेला जबडा, दारू, झोपेच्या गोळ्या, उताणं झोपणं, या सगळ्यांनी ती वाट आणखी अरुंद होते. आणि काही जणांत ती पूर्ण बंदच होते. आवाज थांबतो, श्वास अडतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त. मग मेंदू माणसाला किंचित जागं करतो, मोठा फुत्कार येतो, की पुन्हा घोरणं सुरू. रात्रीतून शेकडो वेळा असं होऊ शकतं, आणि सकाळी त्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही.

आता इतिहासाकडे येऊ. १९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत छापली. ५१ वर्षांचा उद्योजक, खूप लठ्ठ. पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि हा गडी डाव न खेळता झोपून गेला! डॉक्टरांनी डिकन्सची आठवण ठेवून या दुखण्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ नाव दिलं. त्यांचा तर्क असा, की लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून दिवसा झोप येते. तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. कारण त्यांनी रुग्णाला जागेपणी तपासलं होतं. खरी गोष्ट घडत होती रात्री.

१९६५ साली मार्सेयमध्ये गास्तो आणि सहकारी, आणि जर्मनीत युंग आणि कुहलो, यांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांची झोप यंत्रांवर नोंदवली. तेव्हा दिसलं, की श्वास पुन्हा पुन्हा बंद पडतोय. पुढे १९६९ साली कुहलो यांनी गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट घशाच्या खालून काढून दिली, आणि रुग्णाची दिवसाची झोप गेली. म्हणजे अडथळा घशातच होता, हे सिद्ध झालं. १९७६ साली स्टॅनफर्डच्या गिलेमिनो यांनी ‘स्लीप ॲप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं.

पण गळ्याला कायमचं छिद्र कुणाला हवं असतं? जून १९८० मध्ये सिडनीत असाच एक बांधकाम मजूर त्याला नाही म्हणाला. कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी त्याच्यावर वेगळाच प्रयोग केला. नाकावर मास्क, आणि हवेचा झोत देणारी एक मोटर. हवेच्या दाबानं घसा उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर शांत झोपला. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अहवाल आला. दाब किती? फक्त साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याइतका. हेच आजचं सीपॅप यंत्र.

त्याच वर्षी अमेरिकेत फुजिता यांनी पडजीभ आणि टाळूचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. जपानमध्ये इकेमात्सु त्याआधीपासून घोरण्यासाठी अशी शस्त्रक्रिया करत होते. पण हिच्यात एक गोम निघाली. काही रुग्णांचा आवाज गेला, श्वास अडणं राहिलंच. धोक्याची घंटा बंद झाली, धोका तसाच!

म्हणून आजचा क्रम असा: आधी झोपेची तपासणी, मग उपचार. नुसतं घोरणं असेल तर वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, दारू टाळणं, नाकाचा इलाज करणं. सौम्य ते मध्यम त्रासात जबडा पुढे धरणारं दातांचं साधन. जास्त असेल तर सीपॅप. ते सहन न होणाऱ्या निवडक रुग्णांसाठी जिभेच्या मज्जातंतूला चेतना देणारं रोपण, ज्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथं टिर्झेपॅटाइड हे पहिलं औषध मान्य झालं, तेही लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र रुग्णांपुरतं.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट घेऊन जा. या आजाराचा साक्षीदार रुग्ण स्वतः नसतो, शेजारी झोपणारं माणूस असतं. रात्री घोरणं मध्येच थांबतंय, दिवसा डुलक्या लागतात, गाडी चालवताना डोळे मिटतात, रक्तदाब औषधांनीही आटोक्यात येत नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे जाताना घरच्या माणसाला सोबत न्या. वर्षानुवर्षं ‘काय घोरतोस रे!’ म्हणणाऱ्या त्या माणसाकडेच अर्धं निदान असतं.

आता प्रश्न घेऊ.