कोरड्या हौदातील क्रीडांगण

बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीतील सलाबतखानाने १५८२ च्या सुमारास राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून बांधवून घेतली, आणि तिच्यासारख्या खोल दगडी बांधकामाचा अर्थ ह्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या पाणी असाच होत आला. बारवेचा किंवा हौदाचा तळ उघडा पडला म्हणजे सारातहकुबीचे आणि तगाईचे अर्ज तहसील कचेरीत दाखल होण्याचे दिवस आले, हे येथील कुळंब्याला सांगावे लागत नसे. म्हणूनच १९७६-७७ च्या अवर्षणात रिकाम्या पडलेल्या पोहण्याच्या तलावांतून कॅलिफोर्नियातील मुलांनी चाकांच्या फळीचा (स्केटबोर्डचा) जो खेळ वाढविला, त्याचा इतिहास मराठवाड्याने आस्थेने वाचावा असा आहे.

तिकडील बंगल्यांतल्या पोहण्याच्या तलावांची भिंत तळाला काटकोनात न मिळता वळण घेत मिळते, त्यामुळे चाकांची फळी न अडखळता भिंतीवर चढते आणि चढताना खर्ची पडलेला बराचसा वेग परत घेऊन खाली येते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातीलच कार्ल्सबाड येथे या खेळासाठी काँक्रीटचे वळणदार उद्यान मुद्दाम बांधले गेले, आणि ते दशक संपण्यापूर्वी अशा उद्यानांत बीएमएक्स सायकलीही उतरल्या. वीस इंची चाकांची ही बुटकी सायकल मूळची मोटारसायकलींच्या मातीतील शर्यतींचे अनुकरण करणाऱ्या पोरांची. परंतु ही उद्याने बहुतांशी खाजगी होती; अपघातांच्या दाव्यांमुळे विम्याचा भार असह्य झाला आणि पुष्कळशी जमीनदोस्त झाली. सार्वजनिक उद्यानांचा खरा सुकाळ झाला तो १९९८ पासून अमलात आलेल्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने फळीवरच्या खेळापुरते नगरपालिकांचे दायित्व मर्यादित केल्यावर. सायकलींना मात्र अनेक ठिकाणी मज्जावच राहिला, आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडणारे हजारो हात, पाझर तलाव आणि पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा दिला. पोटाची तरतूद आधी व्हावी हे न्याय्यच होते. मुलांच्या क्रीडेचा विचार त्या कामांच्या यादीत नव्हता. वास्तविक वळणदार पृष्ठभागाला थापीने गुळगुळीत घोटाई देण्याची विद्या हौद बांधणाऱ्या आपल्या गवंड्याला परकी नाही.

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात २०१५ साली असे उद्यान उभे राहिले. जो शाळेत जाणार नाही त्याला फळी मिळणार नाही, आणि मुलींना अग्रहक्क, हे तेथील दोन नियम. बीडमधून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. अशा मुलांना गावीच राहावेसे वाटावे म्हणून पाटोदा, वडवणी किंवा शिरूर कासार येथे एखाद्या हंगामी वसतिगृहाशेजारी नगरपंचायतीने हे काँक्रीटचे अंगण बांधावे, आणि फळी दुर्मीळ पण सायकल ओळखीची असलेल्या ह्या मुलखात त्याचा पहिला हक्क सायकलीला द्यावा, असे मला मनापासून वाटते.